शुभे, ती म्हैस नव्हतीच

लिमासोल, सप्टेंबर

शुभे,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे आणि मग पुढचं वाच. गणपतीत तुझे चार फोन येऊन गेले, दादांच्या बायपासचा मेसेज आला, आणि मी उत्तर काय दिलं तर "काळजी घ्या" आणि हात जोडलेलं चित्र. पाचवीपासूनची मैत्रीण मी, आणि हे उत्तर. तू चिडली असशील हे कळत होतं गं, पण फोन उचलायचा धीर होत नव्हता. का ते सगळं आज लिहितेय. माझी तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, गुडघा आहे तसाच.

मी मनूकडे आलेय, सायप्रसला. तिची जहाजांची कंपनी इथे लिमासोलला आहे. या गावात अशी ऑफिसं गल्लोगल्ली आहेत आणि त्यात आपल्याकडचे खूप जण आहेत, रविवारी समुद्रावर चालायला गेलं की दोन बाकं सोडून कोणीतरी मराठीत आईशी फोनवर बोलत असतं. बरं वाटतं. तर मनूला दोन दिवस सुट्टी होती, तिने न विचारता जीप सफारीचं बुकिंग करून टाकलं. पाफोसवरून सकाळी निघायचं, आकामास म्हणून बेटाच्या पश्चिम टोकाला जो जंगलाचा भाग आहे तिथे दिवसभर कच्च्या रस्त्यांनी फिरायचं, संध्याकाळी परत. जीप म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. पण पोरीने पैसे भरले होते, आणि काय सांगणार होते मी तिला?

आणि शुभे, सकाळी हॉटेलच्या दारात लँड रोव्हर येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरच्या सीटवरून उतरली एक बाई. आपल्याच वयाची, पन्नाशीची. डोक्याला रुमाल, उन्हाने रापलेले हात, नखांत गाडीचं काळं तेल. गाईडही तीच, ड्रायव्हरही तीच. मागे दोन बाजूंना समोरासमोर बाकं, सहा माणसं, आणि पुढे तिच्याशेजारी मी, कारण मनूने सगळ्यांना सांगितलं माझ्या आईचा गुडघा दुखतो. पहिली दहा मिनिटं मी बाहेर बघितलंच नाही. ती गिअर कसा टाकते तेच बघत होते. तू टाकायचीस तसा, तळहात उघडा ठेवून, मुठीत न धरता.

मला तिथेच तुला फोन करावासा वाटला. नाही केला.

आता तुला आवडेल ते आधी सांगते. कोरल बेच्या पुढे किनाऱ्याला एक जहाज अडकून पडलंय, एड्रो थ्री नावाचं. डिसेंबर २०११ मध्ये वादळात खडकावर चढलं, लिमासोलवरूनच निघालं होतं, रोड्स बेटाकडे जिप्समचे बोर्ड घेऊन. माणसं वाचली सगळी. गंजून लाल झालंय, कलंडलंय. मनूने लगेच ऑफिसच्या सुरात जहाजाचा विमा, मालक, कोणाची जबाबदारी वगैरे सुरू केलं, जाऊ दे. तिथून पुढे डांबर संपतं. आपल्याकडचा धुरळा लाल ना, इथला पांढरा, पिठासारखा, भुवयांवर बसला की सगळेच म्हातारे दिसतात. दोन्ही बाजूंना जुनिपरची झुडपं, थाईम, आणि कॅरोबची झाडं. कॅरोबची शेंग बाईने तोडून हातात दिली, दिसायला काळी चिंच, चव काकवीसारखी. म्हणाली आमच्याकडे याला काळं सोनं म्हणायचे. आणि सोनाराचा कॅरट हा शब्द त्या शेंगेतल्या बीवरून आलाय, पूर्वी वजनाला वापरायचे म्हणून. दोन शेंगा तुझ्यासाठी पर्समध्ये ठेवल्यात. कस्टमने घेतल्या नाहीत तर मिळतील.

तिने विचारलं कुठल्या, मी म्हटलं इंडिया. तर पटकन म्हणाली, "तिमाया!" मला आधी कळेना. मग सांगितलं की तिचं माहेर लार्नाकाचं आणि तिथे मोठ्या रस्त्याचं नाव आहे जनरल तिमाया. आपले थिमय्या गं! युनोच्या फौजेचे प्रमुख म्हणून इथे आले होते आणि १९६५ च्या डिसेंबरात इथेच वारले. अण्णा जेवताना ज्यांच्या गोष्टी सांगायचे तेच. अण्णा असते तर तो रस्ता बघायला मुद्दाम आले असते, ते पण पूर्ण कडक इस्त्रीत.

मग लारा. शुभे, लारा बीचला मी उतरले आणि मला रडूच यायला लागलं.

कासवं आहेत तिथे. हिरवं कासव आणि लॉगरहेड, दोन्ही येतात अंडी घालायला. १९७८ पासून हे लोक राखतायत. आपल्या वेळासला अंडी उचलून कुंपणात नेऊन पुरतात, इथे जिथल्या तिथे घरट्यावर जाळीचा पिंजरा उपडा घालून ठेवलेला. कोल्हे उकरतात म्हणून. जाळी एवढी रुंद की पिल्लू सहज बाहेर पडावं आणि कोल्ह्याचं तोंड आत जाऊ नये. जून ते सप्टेंबर तिथे छत्री रोवायची नाही, खुर्च्या मांडायच्या नाहीत, वाळूवर गाडी आणायची नाही, रात्री थांबायचं नाही. नुसता किनारा आणि पिंजरे. मी एका पिंजऱ्याजवळ गेले, लांबूनच, घाबरू नकोस, नियम मोडला नाही. त्या पिंजऱ्यापासून पाण्यापर्यंत माग होते. रात्री निघालेल्या पिल्लांचे. एवढे बारीक, एवढे जवळजवळ, की कोणीतरी फणीने वाळू विंचरलीय असं वाटत होतं. एक माग मध्येच उलटा फिरला होता, झाडांकडे गेला होता, आणि मग वळसा घेऊन परत समुद्राकडे आला होता. मी त्या एका मागाशेजारून पाण्यापर्यंत चालत गेले. पोचला होता तो.

२००८ च्या मार्चमध्ये आपण हेच बघायला निघालो होतो ना. तू मला महिनाभर सांगत होतीस, वैशू एकदा बघ, पिल्लू पाण्याला लागतं तेव्हा काय वाटतं ते. आणि आपण पोचलोच नाही. तू पोचलीस नंतर, दरवर्षी, एसटीने. मी कधीच नाही गेले. तू बोलावलंस की माझं काहीतरी निघायचं, मनूची परीक्षा, सासूबाई, ऑफिस. तुला ते कारण वाटत होतं का खरं? मला वाटतं तुला सगळं माहीत होतं.

तर आता जे सांगायचंय ते. झालं काय, लाराहून गाडी वर डोंगरात गेली, इनिया, मग द्रुशा, तिथे एका घरगुती खानावळीत जेवलो. हलूमी खाल्लं, शेळी-मेंढीच्या दुधाचं चीज, तव्यावर भाजतात तरी वितळत नाही, दाताखाली चूं चूं वाजतं, मध्ये पुदिन्याचं पान. त्याला २०२१ मध्ये युरोपने आपल्या हापूससारखं नाव राखून दिलंय, दुसरीकडच्या कोणी त्या नावाने विकायचं नाही. तुझ्या बागेच्या पेट्यांवर ते जीआयचं स्टिकर लागायला लागलं का? विचारायचं राहूनच गेलं. आणि अमितची नोकरी? आणि होमस्टेचे ते दोन संडास झाले का एकदाचे? सगळं लिही.

जेवण झाल्यावर उतार लागला. मोठा, दगडगोट्यांचा, एका बाजूला दरी. बाईने माथ्यावर गाडी थांबवली, ती छोटी दांडी टाकली (तू जिला "छोटी दांडी" म्हणायचीस तीच, लो गिअरची) आणि पहिला टाकला. आणि मागे वळून सगळ्यांना सांगायला लागली. उतरताना ब्रेकवर पाय ठेवायचा नाही. सुट्या खडीवर ब्रेक दाबला की चाकं जाम होतात, जाम झालेलं चाक वळत नाही, घसरत जातं, मग तुम्ही स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी जिकडे जायची तिकडेच जाणार. इंजिनाला धरून ठेवू द्या गाडी. पहिला गिअर, पाय बाजूला, आणि धीर.

शुभे, तू ओरडत होतीस. "गिअर! गिअर! पाय काढ!" मला ऐकू आलं होतं. मला शब्द कळले होते गं, अर्थ कळला नव्हता. मी सगळा जीव एकवटून ब्रेक दाबला. आणि मुरमावरून गाडी तशीच सरळ गेली, वळण डावीकडे आणि आपण सरळ, चरात, आणि त्या जांभ्याच्या दगडावर तुझ्या बाजूने. सतरा वर्षं मला वाटत होतं माझ्या हाताने स्टिअरिंग चुकलं. हात नाही, पाय होता.

तर आम्ही उतरलो, धडधडत, हळू, ती बाई एका हाताने, गाडी कुठेही सटकली नाही. खाली एक ओसाड गाव लागलं, आंद्रोलिकू. तुर्कांचं गाव होतं. १९७४ नंतर इथले तुर्क उत्तरेला गेले, उत्तरेतले ग्रीक इकडे आले, बेटाचे दोन तुकडे. दगडी घरं तशीच, छप्परं नाहीत, एका घरात चुलीच्या जागी अंजिराचं झाड उगवून भिंतीबाहेर आलेलं. बघत होते तेवढ्यात वळणावर शेळ्या. पन्नाससाठ तरी, रस्ताभर. बाईने अगदी सहज थांबवली गाडी. आणि माझा उजवा पाय, शुभे, माझा पाय खाली पत्र्यावर एवढ्या जोरात रुतला की चपलेचा पट्टा तुटला. फाडकन. इथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, इंग्रजांचं राज्य होतं १९६० पर्यंत, त्यामुळे सगळं तिथल्या तिथे, डावीकडून खाली उतरणारा डोंगर, उजवा पाय, सगळं. फक्त स्टिअरिंग माझ्यासमोर नव्हतं.

मनू मागून वाकून बघत होती. म्हणाली, "आई, तू ब्रेक का मारलास? तुला कुठे गाडी येते?"

मी काहीच बोलले नाही. शेळ्या गेल्या, गाडी निघाली, आम्ही आफ्रोडाइटचं स्नानकुंड म्हणतात तिथे गेलो. लहानसं कुंड आहे, वर अंजिराचं झाड ओणवलेलं, खडकातून पाणी झिरपतं, आत उतरायला बंदी. बाकीचे फोटो काढायला गेले. मी दगडावर बसले तुटकी चप्पल हातात धरून आणि मनूला सांगितलं. की जीप मी चालवत होते. लायसन्स नव्हतं, तू मला पंधराच दिवस शिकवत होतीस, मंडणगडच्या पुढे रस्ता मोकळा आहे म्हणून मीच हट्ट केला. आणि तुझा हात कोपरात मोडला होता, लोंबत होता, आणि तू पहिलं वाक्य काय बोललीस तर, "वैशे, इकडे सरक, मी चालवत होते, तुझ्याकडे लायसन्स नाही, तू तोंड उघडायचं नाहीस." पोलीस, इन्शुरन्स, माझ्या सासरचे, सगळं तुझ्या डोक्यात एका मिनिटात आलं, तेही तशा दुखण्यात. आणि म्हैस. म्हैस आडवी आली. कुठून आणलीस गं ती म्हैस! मला आठवतंय, मंडणगडला हात बांधून घेताना ती साधी म्हैस होती, घरी पोचेपर्यंत गाभण झाली, आणि अमितच्या मुंजीत तू सांगितलंस तेव्हा तिचं एक शिंग मोडकं होतं आणि मालक दापोलीचा होता. मनू त्याच म्हशीवर वाढलीय. लहानपणी झोपताना मागायची, शुभामावशीच्या म्हशीची गोष्ट सांग. मी सांगायचे. मी स्वतः सांगायचे तिला.

ती बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे मावशीने नंतर कधीच गाडी चालवली नाही?"

नाही. नाही चालवलीस तू. दादांनी किल्ली काढून घेतली. तू चिपळूण स्टेशनवरून लोकांना वेळासला न्यायचं म्हणत होतीस, कासवं दाखवायला, वहीत हिशोब केला होतास, डिझेल किती, माणशी किती, वाटेत कोणाकडे जेवायला थांबायचं. ती निळ्या पुठ्ठ्याची वही मी बघितलीय. दादांनी दिवाळीला जीप विकली. आणि काल दिवसभर माझ्या शेजारी बसून एक बाई तेच करत होती. सात माणसं घेऊन, प्रत्येक झाड ओळखत, कासवाच्या पिंजऱ्यापाशी सगळ्यांना हळू बोला म्हणून दटावत. शुभे, ती तुझी जागा होती. मी तुझ्या जागेकडे बघत होते आठ तास.

आणि मला ते लग्न आठवलं, दादांच्या रेखाचं. पंगतीत दादा सगळ्यांसमोर म्हणाले, शुभाच्या हातात गाडी देऊ नका रे, ती म्हैस शोधत जाईल. सगळे हसले. मीही हसले. मी तुझ्या समोर बसले होते आणि हसले. आणि त्याच रात्री तू माझ्याशी भांडलीस, माझी जांभळी पैठणी का परत केली नाहीस म्हणून, एवढं भांडलीस की आपण आठ महिने बोललो नाही. मी पुण्यात सगळ्यांना सांगत सुटले, एका साडीसाठी मैत्री तोडली बाईने. साडी नव्हती ती. मला काल कळलं. १४ वर्षांनी. तू मला एकदा तरी तोंडावर का नाही बोललीस? बोलली असतीस तर मी तिथे मांडवात उभी राहून सांगितलं असतं. असं मला आत्ता वाटतंय. तेव्हा सांगितलं असतं का ते माहीत नाही, खोटं नाही लिहिणार तुला.

आता दादा. बायपासचा मेसेज वाचला आणि माझ्या मनात पहिलं काय आलं माहितीये? दादा गेले तर त्यांना कधीच कळणार नाही. म्हणून मी फोन उचलत नव्हते. तू विचारलं असतंस काय झालं आवाजाला, आणि माझ्याने राहवलं नसतं.

मला दादांना सांगायचंय. मी स्वतः, समोर बसून. मनूचं म्हणणं आधी तुला विचार, कारण ही गोष्ट आता तुझी आहे, मावशीने इतकी वर्षं जपलीय, तू तुझं मन हलकं करायला तिचं काहीतरी मोडशील. पोरगी चोवीसची आहे, पण बरोबर बोलते. मला रात्रभर झोप नाही. सांगितलं तर दादांना काय वाटेल, आत्ता छातीला टाके आहेत, त्यांनी तुला इतकी वर्षं जे ऐकवलं ते त्यांना आठवेल, त्याचा त्रास त्यांना होईल. आणि तुलाही होईल, की वहिनी म्हणतील म्हणजे तू आमच्याशी खोटं बोललीस. पण नाही सांगितलं तर? ते परत कुठल्यातरी पंगतीत म्हैस काढतील आणि तू परत मान खाली घालून वाढत राहशील. मला ते बघवणार नाही गं. काकूंना कळलं होतं का कधी? मला नेहमी वाटायचं त्यांना कळलंय, हॉस्पिटलात त्यांनी माझे तळवे उघडून बघितले होते, स्टिअरिंगवर आपटून खरचटलेले, आणि काही न बोलता हळद लावली होती.

तू सांग. तू म्हणालीस नको, तर नाही सांगणार, कधीच नाही, शपथ. पण नको म्हणण्याआधी दोन दिवस थांब, लगेच तुझ्या स्वभावाने "सोड गं" लिहून मोकळी होऊ नकोस. "सोड गं" मला चालणार नाही यावेळी.

१४ तारखेला मुंबईत उतरतेय, १६ ला सकाळच्या गाडीने चिपळूणला येते. राहायला तुझ्याकडेच, होमस्टेच्या खोलीत नाही, तुझ्या माजघरात. हलूमी आणतेय, डब्यात मिठाच्या पाण्यात असतं, टिकतं. दादांसाठी नाही आणलं, मीठ फार असतं, त्यांना शेंगा दे कॅरोबच्या.

आणि तुझं लायसन्स कुठे ठेवलंयस ते शोधून ठेव. मुदत संपली असेल तर मी आल्यावर आपण आरटीओत जाऊ. मार्चपर्यंत वेळ आहे, मार्चमध्ये वेळासला जायचंय. गाडी भाड्याने घेऊ, चालवणार तू, मी डावीकडे बसेन.

तुझी,
वैशू